मुंबईच्या सायकलपटूंची मधली पायरी

दादर, परळ, लालबागच्या रस्त्यांवर सकाळी सायकली दिसतात त्या पावाच्या, दुधाच्या, वर्तमानपत्रांच्या. थोड्या वेळाने डबेवाल्यांच्या. शर्यतीची सायकल क्वचितच नजरेला पडते. त्यामुळे याच शहराने एकेकाळी देशाला सायकलपटू पुरवले, असे सांगितले तर आजच्या पोरांना ती थाप वाटेल.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या सफरीला निघाले. सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे. तिघांची साथ वाटेत सुटली. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे उरलेले तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून १८ मार्च १९२८ रोजी घरी परतले. पाठीशी ना सरकार होते, ना संघटना.

संघटना आली १९४६ साली. जानकीदास आणि मुंबईचे सोहराब भूत यांच्या खटपटीतून भारतीय सायकलिंग महासंघ उभा राहिला. हिंदी चित्रपटांत छोट्या भूमिकांत दिसणारे जानकीदास ते हेच. १९३८ च्या सिडनीच्या साम्राज्य क्रीडास्पर्धेत ते भारतातर्फे सायकलवर उतरले होते. दोनच वर्षांत, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचा सायकल संघ गेला. त्यातली नावे वाचा: रुसी मुल्ला फिरोज, जहांगू अमीन, होमी पावरी, रोहिंटन नोबल, अदी हवेवाला. बहुतेक नावे पारशी. पदक मिळाले नाही, पण स्वतंत्र झालेला देश वर्षभरात तिथे पोहोचला, हे काय कमी होते?

मग हा वारसा गेला कुठे? १९५२ ला भारतीय सायकलपटू ऑलिंपिकला गेले, १९६४ ला टोकियोला गेले. त्यानंतर आजतागायत एकही नाही.

मला वाटते, दोष हिमतीचा नव्हता. मधली पायरी नव्हती. हौशी पोरगा आणि राष्ट्रीय खेळाडू यांच्यामध्ये जो कुमार संघ लागतो, तो आपण बांधलाच नाही. थोरल्याचे पाहून धाकटा शिके, क्लबातला जाणता चार गोष्टी सांगे. ती पिढी पांगली की शिकवणीही संपली.

रस्त्यावरची सायकल शर्यत दिसायला एकट्याची, पण ती असते संघाची. पुढचा वारा कापतो आणि त्याच्या चाकाला चिकटून जाणाऱ्याची बरीच ताकद वाचते. कुणी कधी पुढे यायचे, कुणी बाटल्या पोहोचवायच्या, घाटाआधी कुणी दम राखायचा, हे घोळक्यातच शिकता येते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पण त्या राजालाही घाटाच्या पायथ्याशी ताजेतवाने आणून सोडणारे साथीदार लागतात.

जगाने हे ओळखले. कुमारांची जागतिक रस्ता शर्यत १९७५ पासून होते. १७-१८ वर्षांच्या या खेळाडूंच्या गिअरवर कित्येक वर्षे मर्यादा होती: पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल ७.९३ मीटरपेक्षा जास्त पुढे जाता कामा नये. वाढत्या वयाच्या गुडघ्यांवर ताण नको आणि जोराआधी लय शिकावी, हा हेतू. २०२३ पासून ही मर्यादा उठली. म्हणजे आता पोराला आवरायचे कसे, हे जाणणारा प्रशिक्षक आणखीच गरजेचा झाला.

अशी पायरी मिळाली तर काय होते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट (ओडर) येथे भारताच्या कुमारांनी सांघिक स्प्रिंटमध्ये जागतिक सुवर्ण जिंकले. एसो अल्बेन अंदमान-निकोबारचा. रोनाल्डो आणि रोजित मणिपूरचे. दिल्लीच्या राष्ट्रीय अकादमीत त्यांना सायकल, आहार आणि प्रशिक्षक एकाच छताखाली मिळाले. ही शर्यत रस्त्यावरची नव्हे, ट्रॅकची. पण धडा तोच.

आपल्या राज्यात बालेवाडीला वेलोड्रोम आहे. सांगली, कोल्हापूर, नाशिक, पुण्याची मुले शर्यती गाजवतात. मागे पडली ती मुंबई. इथे तर रस्त्यापासूनच अडचण. सागरी सेतू असो, पूर्व मुक्त मार्ग असो की नवा किनारी मार्ग, शहराच्या सर्वांत गुळगुळीत रस्त्यांवर सायकलला मज्जाव. लालबागच्या सोळा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने सराव करायचा तो पहाटे, बस आणि ट्रकच्या फटीतून, तोही एकट्याने.

त्यासाठी स्टेडियम बांधायला नको. रविवारी पहाटे दोन तास एखादा रस्ता मोकळा ठेवावा, सहा-आठ मुले, एक जाणता प्रशिक्षक, एक सायकल दुरुस्त करणारा आणि मागे चालणारी एक गाडी असावी. १९२३ मध्ये सहा जण स्वतःच्या हिमतीवर निघाले आणि आपण त्यांचे कौतुक करतो. पण शंभर वर्षांनंतरही मुलांना एकट्याच्या हिमतीवरच सोडायचे असेल, तर त्या कौतुकाला काही अर्थ नाही.