मंडूर

लोखंड गाळून झाले की भट्टीत जी काळी मळी उरते, तिला कोणी जपत नाही. आयुर्वेदाने मात्र तिला ‘मंडूर’ म्हणून औषधांत स्थान दिले. शंभर वर्षांची मळी उत्तम, ऐंशी वर्षांची मध्यम आणि साठ वर्षांची कनिष्ठ, अशी तिची प्रतवारीही रसशास्त्रात केलेली आहे. वयाला एवढे मोल का असावे? धातुकातील लोहाचा काही अंश सिलिकेशी संयोग पावून मळीत फायालाइट हे खनिज बनते. पुढे पावसापाण्याने त्याचे सावकाश तांबूस गोएथाइटात रूपांतर होऊ लागते. जुन्या वैद्यांच्या दृष्टीने हाच पालट मोलाचा ठरला असावा.

फायालाइटाच्या नावाची कथा मौजेची आहे. अझोर द्वीपसमूहातील फायाल बेटावरून १८४० मध्ये त्याला हे नाव मिळाले. परंतु तो नमुना तेथील ज्वालामुखीचा नसून गलबताच्या तळाशी भारासाठी भरलेली मळीच असावी, असा संशय आहे!

नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे १९८० च्या सुमारास झालेल्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी आणि मळी सापडली. विदर्भातील शिलावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी पूर्वीच मिळाल्या होत्या; पण कुऱ्हाड दूरच्या बाजारातूनही येऊ शकते. मळी कोणी विकत आणीत नाही.