गिंडीतील जलपरीक्षा

चेन्नईच्या दक्षिण भागातील गिंडीचे नाव काढले की हरणांचे रान आणि जुने इंजिनिअरिंग कॉलेज यांचे स्मरण होते. तेथीलच किंग इन्स्टिट्यूट पाहावयास मात्र हौसेने कोणी जात नाही. वस्तुतः आपल्या देशातील पाण्याची पारख कोणत्या मापाने करावी, हा प्रश्न जेथे प्रथम नेटाने विचारला गेला, अशा मोजक्या जागांपैकी ती एक होय.

ही संस्था पाण्यासाठी निघाली नव्हती. १८९९ मध्ये तेथे देवीच्या लशीचे कोठार उघडले आणि १९०५ मध्ये मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर कर्नल किंग यांचे नाव तिला मिळाले. लशीमागोमाग पाणी आले, कारण पटकी पाण्यातूनच येत होती. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तलावात तिचे जंतू दाखविले होते. मद्रास शहर तर १८७२ पासून रेड हिल्स तलावाचे पाणी पीत होते, आणि तेही न गाळलेले! किलपॉकला वाळूच्या गाळण्या बसल्या त्या १९१४ मध्ये.

तलावभर पाण्यात पटकीचाच जंतू हुडकणे फार दुष्कर. म्हणून परीक्षक साक्षीदार शोधतो. आतड्यात वसणारे निरुपद्रवी जंतू पाण्यात सापडले, तर मैला त्यात मिसळला हे उघड होते. पित्तक्षार व दुग्धशर्करा घातलेल्या द्रवात पाण्याचा नमुना मिसळून ती नळी माणसाच्या अंगाएवढ्या उष्णतेत एकदोन दिवस ठेवावयाची; आत पालथ्या घातलेल्या चिमुकल्या नळीत वायूचा बुडबुडा धरला, की संशयास जागा झाली.

विलायतेत एवढ्यावर निकाल देता येई. परंतु येथील तलावावर गुरे उतरतात, पावसाळ्यात रानातील सारी घाण वाहून येते. त्या मापाने एकही तलाव शुद्ध ठरता ना. गिंडीच्या प्रयोगशाळेत काम केलेले मेजर क्लेमेशा यांनी या पेचावर विचार केला. आतड्यातील जंतूंच्या अनेक जातींपैकी काही उन्हात थोड्याच दिवसांत नाश पावतात, काही चिवटपणे तगतात. तेव्हा जंतू आहेत की नाहीत एवढेच न विचारता, कोणते उरले आहेत ते पाहावे. त्यावरून घाण ताजी की जुनी हे कळते. १९१२ मध्ये उष्ण प्रदेशातील पाण्याच्या जंतूंवर त्यांचे पुस्तक निघाले. सूर्यालाही जलशुद्धीच्या हिशेबात धरणारा हा विचार आजही वाचण्याजोगा आहे.

पुढे घाणीची जातच बदलली. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानंतर राज्याराज्यांत मंडळे झाली. तामिळनाडूचे १९८२ मध्ये स्थापन झाले आणि त्याची कचेरी गिंडीतच आहे. आता नमुन्यात धातूही शोधावे लागतात. पालार नदीच्या खोऱ्यात चामडी कमावण्याचे कारखाने, आणि राणीपेट येथे एका बंद पडलेल्या रासायनिक कारखान्याच्या आवारात क्रोमियमयुक्त गाळाचे लाखाहून अधिक टनांचे ढीग. पाऊस त्यांतून झिरपतो, माती क्रोमियम धरते आणि विहिरीकडे सोडते. अशा ठिकाणी पाण्याआधी मातीचीच तपासणी करावी लागते.

येथे साक्षीदार जंतू उपयोगी पडत नाही, ऊनही मदतीस येत नाही. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. एवढ्याने पाण्याला रंग येत नाही की चव. गृहिणी पाणी उकळते तेव्हा पटकीचे जंतू मरतात. क्रोमियम भांड्यातच राहते, आणि वाफ जाईल तसतसे त्याचे प्रमाण वाढत जाते.