कर्मचाऱ्यांचे ताणतणाव व्यवस्थापन : हॉथॉर्नपासून मोबाइलपर्यंत

प्रस्तावना

कर्मचाऱ्यांचा मानसिक ताण कमी व्हावा म्हणून संगणकावर व मोबाइलवर चालणारे कार्यक्रम आज अनेक आस्थापना उपलब्ध करून देतात. ही साधने नवी असली तरी त्यांमागील विचार जुना आहे. ताण कमी करण्यासाठी बदल कोठे करावयाचा, कामगाराच्या मनात की कामाच्या रचनेत, हा प्रश्न गेली नऊ दशके कायम आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने सदर कार्यक्रमांच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

समुपदेशनाचा प्रारंभ

हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. अपायकारक घटक भिन्न असले तरी शरीराचा प्रतिसाद ठरावीक स्वरूपाचा असतो, हे त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. ताणाच्या वैद्यकीय संकल्पनेचा हा पाया होय. त्याच वर्षी शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात कामगारांसाठी समुपदेशन सुरू झाले. तत्पूर्वी १९२८ ते १९३० या काळात तेथील २० हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या होत्या. समुपदेशकाने तक्रार ऐकावी व गुप्त ठेवावी, परंतु तिच्यावर कार्यवाही करू नये, असा तेथील दंडक होता. त्यामुळे कामगाराचे मन हलके होई. तक्रारीचे कारण मात्र जागच्या जागी राही.

१९७९ : दोन वाटा

१९७९ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे ठरते. अमेरिका व स्वीडन येथील पाहण्यांच्या आधारे रॉबर्ट करासेक यांनी असे मांडले की, कामाचा बोजा जास्त आणि निर्णयस्वातंत्र्य कमी असेल, तेथे मानसिक ताण अधिक असतो. त्यांच्या मते उपाय कामाच्या फेररचनेत होता. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी बौद्ध ध्यानपद्धतीवर आधारित सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. हा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असून मुळात रुग्णांसाठी होता. पुढे कार्यालयांनी प्रामुख्याने ही दुसरी वाट स्वीकारली. गूगल कंपनीत २००७ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी सजगतेचे वर्ग सुरू झाले, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

संगणक व मोबाइल

संगणकाशी मनातले बोलता येईल, ही शक्यता जोसेफ वायझेनबाम यांच्या ‘एलायझा’ या आज्ञावलीने १९६६ मध्येच दाखविली होती. मात्र या वापराबद्दल स्वतः वायझेनबाम पुढे साशंक झाले. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने ‘मूडजिम’ हा स्वयं-मदत कार्यक्रम इंटरनेटवर आणला. २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाल्यावर ‘हेडस्पेस’, ‘काम’ यांसारखी अ‍ॅप्स पुढे आली. कामाची रचना बदलणे खर्चिक व वादाचे असते. त्या मानाने अ‍ॅपची वर्गणी भरणे सोपे असते. या प्रसारामागे हेही एक कारण असल्याचे दिसते.

परिणामकारकता

कामाच्या ठिकाणच्या २१ नियंत्रित चाचण्यांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणात अशा ऑनलाइन कार्यक्रमांचा मर्यादित, पण अनुकूल परिणाम आढळला. याउलट, विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अ‍ॅप्स, सजगता वा मनोबल-प्रशिक्षण घेणारे कर्मचारी इतरांपेक्षा अधिक सुस्थितीत असल्याचे दिसले नाही. हा अभ्यास एका वेळच्या पाहणीवर आधारित असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

जपानने वेगळा मार्ग चोखाळला. तेथे डिसेंबर २०१५ पासून ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना वार्षिक ताण-तपासणी बंधनकारक झाली. कर्मचाऱ्याच्या संमतीविना त्याचा निकाल मालकास देता येत नाही. विभागवार निष्कर्षांवरून कामाच्या स्थितीत सुधारणा करण्याची बाब मात्र कायद्याने केवळ प्रयत्नांवर सोपविली.

समारोप

ऐकणाऱ्या समुपदेशकाची जागा अ‍ॅपने घेतली, तरी हॉथॉर्नमधील मूळ उणीव दूर झालेली नाही. अ‍ॅप व्यक्तीला आधार देऊ शकते. पण कामाचे तास, मनुष्यबळ व निर्णयाचा अधिकार ठरविणे त्याच्या हाती नसते. म्हणून अशा कार्यक्रमांचे मूल्यमापन करताना किती जणांनी ते वापरले, यापेक्षा त्यांतून पुढे आलेल्या तक्रारींमुळे कामात काय बदलले, हा निकष अधिक महत्त्वाचा ठरतो.