इंजिनाच्या कानाची कुळकथा

इंजिनातला आवाज नेमका कुठून येतोय हे ओळखायला आपला मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ब्लॉकला टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. टर्बोचा दाब वाढवलेली गाडी ट्यून करणाराही तेच करतो. त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हरऐवजी सेन्सर आणि हेडफोन असतात, आणि तो एकाच आवाजाच्या मागावर असतो: नॉकिंग.

ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून पसरत जाते. कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने तापते आणि कधीकधी ज्योत पोचण्याआधीच एकदम पेटते. त्या धक्क्याने सिलिंडर घंटेसारखा खणखणतो. हे चालूच राहिले तर पिस्टनही वितळतो.

या आवाजाचा पहिला आळ चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरी इग्निशनवर आला. 1916 मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहरी त्यांनी हा प्रश्न थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरकडे सोपवला. खणखणाट ठिणगीनंतर होतो, म्हणजे दोष इग्निशनचा नसून इंधनाचा, हे मिजलींनी दाखवले. मग आवाज मोजायचा कसा? मिजली आणि टी. ए. बॉइड यांनी पोलादी पिन वापरली. ती ज्वलनकक्षाला लागून असलेल्या पातळ पडद्यावर टेकलेली असे. नॉकिंग झाले की पिन उडे, विजेचा संपर्क जुळे आणि त्या प्रवाहाने आम्लातून वायू सुटे. जितका वायू, तितके नॉकिंग. इंजिनाचा हा पहिला भरवशाचा कान.

नॉकिंगवर 1921 मध्ये सापडलेले औषध, पेट्रोलमधले शिसे, पुढे विषच ठरले. भारतात ते 2000 साली बंद झाले. पिनची देणगी मात्र टिकली. इंधन नॉकिंग किती रोखते हे सांगणारी ऑक्टेनची मोजपट्टी ग्रॅहम एडगर यांनी सुचवली आणि प्रमाणित चाचणी-इंजिनांवर याच पिनने इंधने तोलली जाऊ लागली. आपल्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा त्याच घराण्यातला.

प्रयोगशाळेतला कान रस्त्यावर आला तो टर्बोमुळे. 1978 च्या टर्बो ब्यूकमध्ये इंजिनावरचा सेन्सर खणखणाट टिपून ठिणगी उशिरा पाडू लागला. स्वीडनच्या साबमध्ये पेर यिलब्रांड यांच्या यंत्रणेने नॉकिंग जाणवताच टर्बोचा दाब उतरवला. आजच्या सेन्सरच्या पोटात दाबाने वीज देणारा स्फटिकासारखा पदार्थ असतो. तो गुण 1880 मध्ये क्युरी बंधूंनी शोधला होता.

खणखणाटाचा सूर सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. 86 मिलिमीटर व्यासाला तो साधारण साडेसहा हजार हर्ट्झ. ट्यूनर फिल्टर तिथे लावतो आणि ठिणगी अंशाअंशाने लवकर आणत जातो. ताकद वाढत जाते. पण टर्बो इंजिनात बहुधा कमाल गाठण्याआधीच नॉकिंग आडवे येते. ती सीमा ऐकू आली की दोन अंश मागे यायचे.

पण बदललेले इंजिन सेन्सरलाही चकवते. सैल बसवलेले फोर्ज्ड पिस्टन थंड असताना वाजतात, आणि गाडीचा संगणक त्यालाच नॉकिंग समजून ताकद विनाकारण कापतो. म्हणून जाणता ट्यूनर आधी इंजिन गरम होऊ देतो, ठिणगी उशिरा ठेवतो आणि प्रत्येक वेगाला त्याचा निरोगी आवाज कानात मुरवतो. तो ओळखीचा झाला की खोट कुठे आहे ते लगेच ऐकू येते.