प्रीमियर रिओ
१. प्रीमियर रिओ : प्रीमियर कंपनीने २००९ साली चिंचवडहून बाजारात आणलेली, चार मीटरांच्या आतली डिझेल एसयूव्ही. मूळ घडण जपानी दायहात्सू टेरिओसची (१९९७), तीही चीनच्या झोट्ये कंपनीमार्फत आलेली. म्हणून ‘चिनी गाडी’ म्हणत तिला सर्रास मोडीत काढले जाते. हा अन्याय आहे. तिचे १,४८९ सीसीचे प्यूजो इंजिन कल्याण-डोंबिवलीकरांच्या ओळखीचे : १९९०च्या दशकात प्रीमियरच्या कल्याण कारखान्यात तयार होणाऱ्या प्यूजो ३०९च्या डिझेल गाडीत याच घराण्यातले इंजिन होते. प्रीमियर-प्यूजो भागीदारी मोडली, प्यूजो परतली, इंजिन मात्र प्रीमियरकडे टिकले. शिवाय चार मीटर व १,५०० सीसीच्या आत बसल्याने लहान गाडीची करसवलत मिळाली. याच मापाच्या फोर्ड इकोस्पोर्ट (२०१३) आणि मारुती ब्रेझा (२०१६) नंतर आल्या.