नियमांतून उगवणारी नगरे

मोटार चालविण्याची विद्या अखेर रस्त्यावरच शिकावी लागते. परंतु शिकाऊ चालकाच्या चुकीचे मोल पुष्कळदा दुसऱ्याच कोणास तरी द्यावे लागते. या पेचातून, खोलीत बसवून मोटार शिकविणाऱ्या यंत्रांचा जन्म झाला. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एटना या विमा कंपनीने शाळांसाठी असे एक साधन पुढे आणले. विद्यार्थी नकली मोटारींत बसत आणि समोरच्या पडद्यावर रस्त्याचा चित्रपट चाले. त्यात एक मोठे न्यून होते. विद्यार्थ्याने चाक कोठेही फिरविले, तरी चित्रपट आपल्याच वाटेने पुढे जाई.

संगणक आला आणि पडद्यावरील रस्ता चालकाच्या हाताबरोबर वळू लागला. पण त्याबरोबर नवी अडचण उभी राहिली. चालक वाटेल त्या गल्लीत शिरू शकतो म्हटल्यावर प्रत्येक गल्ली आधी रचून ठेवणे आले. एकेक घर नि एकेक खिडकी हाताने रेखाटून सबंध नगर उभारणे हे अतिशय कष्टाचे व खर्चाचे काम.

या कुलपाची किल्ली सापडली ती जीवशास्त्रात. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ अ‍ॅरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ साली सजीवांच्या पेशींची वाढ अक्षरांच्या नियमांनी मांडून दाखविली. समजा, प्रत्येक ‘अ’च्या जागी ‘अब’ लिहावयाचे आणि प्रत्येक ‘ब’च्या जागी ‘अ’. मग ‘अ’पासून ‘अब’, त्यापासून ‘अबअ’, त्यापासून ‘अबअअब’ अशी माळ वाढतच जाते. नियम दोनच, पण वाढीला अंत नाही.

२००१ साली योआव पॅरिश व पास्काल म्युलर यांनी स्वित्झर्लंडमध्ये हीच रीत नगररचनेस लावली. वस्ती दाट असेल तिकडे रस्त्याने जावे, पाणी आडवे आल्यास वळावे किंवा थांबावे, जवळ दुसरा रस्ता असल्यास त्याला मिळावे. रस्त्यांच्या मधल्या जमिनीचे तुकडे पडावेत आणि त्यांवर घरे उगवावीत. आरंभी संगणकास एक बीजांक द्यावयाचा. बीजांक बदलला की नगर बदलते, आणि नियम व बीजांक तेच ठेवले तर तेच नगर पुन्हा उभे राहते. म्हणून दहा चालकांची परीक्षा एकाच रस्त्यावर घेता येते आणि अकराव्यास अगदी अनोळखी नगरात सोडता येते.

आता अशा नगरांत विनाचालक मोटारींची यंत्रेही धडे घेतात. येथेच सावध राहावयास हवे; कारण जे नियमांत नाही, ते नगरातही नाही. छायाचित्रांवरून यंत्रांना शिकविताना हाच अनुभव आला. मुख्यतः जर्मनीतील शहरांच्या रस्त्यांचा २०१६ सालचा एक प्रसिद्ध चित्रसंग्रह आहे. त्यात रिक्षाला स्वतंत्र वर्ग नव्हता आणि जनावरालाही नव्हता. पुढे हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या पुढाकाराने हैदराबाद व बंगळूर परिसरातील रस्त्यांची १०,००० चित्रे जमविली गेली आणि त्यांतील वस्तूंची ३४ वर्गांत नोंद झाली. त्यात रिक्षा आली, जनावरे आली आणि रस्त्याकडेची मातीची पट्टीही आली.

नियमांतून नगर उगवते हे खरेच. पण ते नियम मनुष्य लिहितो. ज्याने चेंडूमागे धावणारे मूल नियमांत घातले नाही, त्याच्या नगरात ते मूल कधीच आडवे येणार नाही. खऱ्या रस्त्यावर मात्र ते येईल. म्हणून नगर रचणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी त्या रस्त्यावरून एकदा पायी चालून यावे.