जुनी अल्टो दारात आणताय? आधी कागद बघा, मग बोनेट उघडा

ऊसबिलाचा हप्ता जमा झाला किंवा कांद्याची पट्टी हातात पडली, की गावात चर्चा निघतेच : दुचाकीवर अजून किती दिवस काढायचे, एखादी जुनी चारचाकी बघू. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचं, पोरीला परीक्षेला सोडायचं, पावसाळ्यात बाजार करायचा, गरज एवढीच असते. मग नजर जाते ती जुन्या अल्टोवर.

मारुतीने ही गाडी २००० साली बाजारात आणली. २०१२ मध्ये अल्टो ८०० आली, त्याआधीच्या गाड्यांना गावाकडे 'जुनी अल्टो' म्हणतात. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. टाकी ३५ लिटरची. सामान तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळतं आणि कुठल्याही मिस्त्रीचा हात त्यावर बसलेला असतो, म्हणून या गाडीला अजून गिऱ्हाईक आहे. पण यातल्या बहुतेक गाड्यांनी आता पंधरा वर्षं ओलांडली आहेत. फसवणूक होते ती इथेच.

पासिंग संपलेली गाडी स्वस्त का मिळते?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ही फी ५,००० रुपये झाली. गाडी २० वर्षांच्या वरची असेल तर ऑगस्ट २०२५ च्या नियमाप्रमाणे १०,००० रुपये. वर पेट्रोल कारला पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,००० रुपये. मुदत उलटून गेली असेल तर उशिराचे महिन्याला ५०० रुपये वेगळे.

समजा २००८ ची गाडी आहे. तिची मुदत २०२३ ला संपली आणि मालकाने दोन वर्षं तशीच फिरवली. उशिराचेच १२,००० झाले. फी आणि कर धरला तर २०,००० रुपये भरल्याशिवाय आरसी चालू होत नाही. एजंटचे पैसे आणि पासिंगसाठी करावी लागणारी डागडुजी यात नाही. म्हणजे साठ हजारांना 'पडून मिळाली' म्हणून आणलेली गाडी खरं तर ऐंशीच्या पुढे गेली. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की नोंदणी, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. बयाणा देण्याआधी दोन मिनिटं काढून हे बघायलाच हवं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे मोकळे करू नयेत.

दुसरी गोष्ट गाडी विकणाऱ्यासाठी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या देऊन मोकळं होण्याची पद्धत आहे. घेणारा ओळखीचा, पाहुण्यातला, 'करतो दादा नावावर' म्हणतो आणि वर्षानुवर्षं करत नाही. मधल्या काळात त्या गाडीने कुणाला उडवलं आणि विमा नसला, तर भरपाई द्यावी लागते ती आरसीवर ज्याचं नाव आहे त्याला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितलं आहे. मृत्यूच्या भरपाईची रक्कम लाखांत जाते, जमीन विकायची पाळी येऊ शकते. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. नाव बदललेलं ॲपवर दिसेपर्यंत विकणाऱ्याने पाठपुरावा सोडू नये, मग समोर मेहुणा असला तरी.

काय काय बिघडतं

सगळ्यात जास्त गाड्या मरतात त्या पाण्यामुळे. रेडिएटरमध्ये कूलंट टाकायचं सोडून बोअरचं पाणी टाकलं जातं. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. किटलीला आतून थर धरतो तसा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. पाणी फिरायचं कमी होतं, घाटात काटा वर चढतो, चालक तशीच ओढतो आणि हेड गॅस्केट जातं. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आत गंजकट तांबूस पाणी असेल तर समजून जा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा चिकटा दिसला, किंवा गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसला, तर पाणी आत शिरतंय. हेड उतरवायचं म्हणजे अंदाजे सात-आठ हजारांपासून पुढे खर्च. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल खातंय, तिथे सौदाच नको.

मालकाने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्या. थंड इंजिनला चावी मारली तरच खरं काय ते कळतं.

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे जुन्या मालकाला बहुधा सांगता येत नाही. हा बेल्ट रबराचा असतो आणि तुटण्याआधी आवाज करीलच असं नाही; तुटला की गाडी जिथल्या तिथे बंद. बिल दाखवता आलं नाही तर बदललाच नाही असं धरून घेतल्या घेतल्या बदलून टाका. मजुरीसह दोन-तीन हजारांत होतं.

क्लचप्लेट बघायची तर चढावर बघा. रेस वाढते पण गाडी उचलत नाही, म्हणजे प्लेट घसरते आहे. सेट आणि मजुरी मिळून चार-पाच हजार. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढच्या चाकातून टक-टक आवाज आला तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय. बूट फाटतं, आत धूळ जाते आणि जॉइंट खराब होतो. बूट वेळेवर बदललं तर काही शेकड्यांत काम भागतं. खड्ड्यांत खडखडाट ऐकू येतो तो लोअर आर्मच्या बुशांचा किंवा शॉकअपचा. आपल्या रस्त्यांवर तो येणारच.

पत्रा मात्र नीट बघा. पायाखालची मॅट उचला, दाराची खालची कड बोटाने दाबा. इंजिन दुरुस्त होतं, पण सडलेला तळ वेल्डिंग करून फार दिवस टिकत नाही.

गोठ्याशेजारी उभ्या गाडीची वायरिंग उंदीर कुरतडतात, हा खर्च कुठल्या पुस्तकात नसतो. कांदा, भुईमूग, पेंड यापासून गाडी लांब लावावी. महिनोन्‌महिने उभीही ठेवू नये. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. जुन्या गाडीचे रबरी पेट्रोल पाइप कडक किंवा चिकट झालेत का ते तपासून घ्या. पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांबा.

घरगुती सिलिंडर लावून चालवलेल्या गाड्याही विकायला येतात. गॅस किट आरसीवर चढवलेलं नसेल तर अशा गाडीच्या वाटेला जाऊ नये.

टायरची नक्षी चांगली दिसली तरी कडेचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

वर्षाचा हिशेब

महिन्याला ५०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ६,००० धरू. जुनी गाडी गावच्या रस्त्याला लिटरमागे १५ देते असं समजलं तर ४०० लिटर पेट्रोल, १०५ च्या भावाने ४२,००० रुपये. १,००० सीसीपर्यंतच्या कारचा थर्ड पार्टी विमा जून २०२२ च्या दराने २,०९४ रुपये, जीएसटी धरून सुमारे २,५००. मालक-चालकाचा अपघात विमा वेगळा. दोन वेळा ऑइल, फिल्टर मिळून ३,५००. नोंदणी आणि पर्यावरण कराचे ८,००० पाच वर्षांत वाटले तर वर्षाला १,६००. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी. बॅटरी, टायर, ब्रेक, क्लच यांपैकी दरवर्षी काही ना काही निघतंच, त्यासाठी १०,००० बाजूला ठेवावे लागतात. बेरीज साठ हजारांच्या घरात जाते. काही जुन्या अल्टो तेवढ्याच किमतीला विकल्या जातात.

यात जुनी नंबरप्लेट बदलण्याचा खर्च एकदाच. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवणं राज्यात सक्तीचं आहे, कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

गाडी अगदीच थकली तर ती भंगारवाल्याला तशीच देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन दाखला घ्या आणि आरसी रद्द करून घ्या, नाहीतर गाडी तुटली तरी कागदावर ती तुमच्याच नावावर राहते.